सरकारी नोकराचा हलगर्जीपणा आणि आपला भरपाईचा हक्क

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या समारंभात वकिलाला बोलावले म्हणजे तो राज्यघटनेवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. आज मी तेवढा मोठा विषय घेणार नाही. सरकारी जीप अंगावर आली, सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया बिघडली, विजेची तार तुटून वावरात पडली आणि घरचा माणूस त्यात जायबंदी झाला किंवा गेला, तर सरकारकडे आपले काही मागणे लागते की नाही, एवढाच माझा विषय आहे. घाटावर काय आणि घाटाखाली काय, आपल्या जिल्ह्यात असे प्रसंग येतात आणि बहुतेक वेळा घरातल्या घरातच संपतात.

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावचे हमाली करणारे एक चाचा माझ्याकडे आले. सोबत तरुण मुलगा होता, त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झालेला. एका सरकारी खात्याच्या जीपने त्याला चार वर्षांपूर्वी धडक दिली होती. खात्याची माणसे तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आली, पाच हजार रुपये हातावर ठेवले, एका टाईप केलेल्या कागदावर अंगठा घेतला आणि गेली. त्याआधी, अगदी पहिल्या रात्री, कोणीतरी समजावल्यावरून चाचांनीच डॉक्टरांना सांगितले होते की मुलगा घसरून पडला. केस पेपरवर तेच लिहिले गेले. पोलिसांत नोंद नाही, पंचनामा नाही, जीपचा नंबर कोणाला आठवत नाही. मी त्यांना म्हटले, "चाचा, इतके दिवस का थांबलात?" ते म्हणाले, "वकीलसाहेब, त्यांनी मदत तर केली ना. मदत करणाऱ्यावर केस कशी करायची?"

दावा उभा राहू शकला नाही. चाचांचा तो 'मदत' हा शब्द मात्र माझ्या मनातून गेला नाही.

मदत म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट. मोठा अपघात झाला की मुख्यमंत्री निधीतून जी रक्कम जाहीर होते तिला सानुग्रह अनुदान म्हणतात. ते मिळाले तर जरूर घ्यावे. परंतु भरपाई ही वेगळी चीज आहे. ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याने ते भरून द्यायचे, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. सानुग्रह अनुदान घेतल्याने तो हक्क संपत नाही. आणि कागदावर सही किंवा अंगठा घेतला जात असेल तर तो कागद आधी वाचून घ्यावा. घरात सातवी-आठवीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्यावा. मुलांना शाळेत घातल्याचा हासुद्धा एक उपयोग आहे.

आता सरकारवर दावा चालतो का, हा पहिला प्रश्न. गावात अजून असे मानतात की सरकार म्हणजे राजा आणि राजावर फिर्याद होत नाही. खुद्द इंग्रज सरकारवरच्या दाव्यात हे मत मोडले गेले, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. कलकत्त्याजवळ खिदिरपूरच्या सरकारी गोदीतले कामगार लोखंडाचा एक जड भाग रस्त्यावरून नेत होते. तो त्यांच्या हातून आवाज करीत खाली पडला, समोरून येणाऱ्या एका जहाज कंपनीच्या गाडीचे घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. नुकसान साडेतीनशे रुपयांचे. १८६१ साली कलकत्त्याच्या न्यायालयाने ठरवले की गोदी चालवणे हे एखादा खासगी माणूसही करू शकेल असे काम आहे, तेव्हा त्यातल्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारने दिली पाहिजे. घोड्याला मिळाले ते माणसाला का मिळू नये, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो रास्त आहे.

माणसाचा खटला पुढे आला तो राजस्थानातून. १९५२ च्या फेब्रुवारीत उदयपूरच्या कलेक्टरांची जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरने रस्त्याने चाललेल्या एका माणसाला उडवले. तीन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. त्याची विधवा व लहान मुलगी यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने फक्त ड्रायव्हरवर हुकूमनामा दिला. ड्रायव्हरकडून वसूल काय होणार? उच्च न्यायालयाने पंधरा हजार रुपयांची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वकीलमंडळी याला विद्यावती खटला म्हणतात. नोकराच्या चुकीला धनी जबाबदार, मग तो धनी किराणा दुकानदार असो की राज्य सरकार, हे त्यात ठरले.

मात्र लगेच दोन-तीन वर्षांत उलटा निकाल आला, आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलेला आहे. मीरतच्या पोलिसांनी १९४७ साली एका व्यापाऱ्याचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. ठाण्याच्या मालखान्यातून ते खुद्द हेड कॉन्स्टेबलनेच लांबवले आणि तो सीमेपलीकडे पळून गेला. व्यापाऱ्याला भरपाई मिळाली नाही, कारण अटक व जप्ती हे सरकारचे सार्वभौम काम आणि अशा कामातल्या चुकीला भरपाई नाही, असे ठरले. निकाल विरुद्ध गेला, पण न्यायमूर्तींनी त्यातच सांगून ठेवले की ही स्थिती समाधानकारक नाही आणि संसदेने याबाबत कायदा करावा. इंग्लंडने स्वतःपुरता तसा कायदा १९४७ सालीच केला होता. आपल्या पहिल्या विधी आयोगानेही १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात तीच शिफारस केली होती. पुढे संसदेत विधेयक आले आणि तसेच बारगळले. आजतागायत तो कायदा झालेला नाही. त्यामुळे सरकारवरच्या दाव्यात हक्क कोर्टाच्या निकालांतून शोधावा लागतो, आणि तेवढा वेळ सामान्य माणसाचा जातो. मला ही गोष्ट फार खटकते. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

आता आपल्या शेजारचा खटला सांगतो. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडचे रुग्ण पूर्वीपासून ज्या शहराकडे जात आले त्या औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा.

१९६३ सालचा जुलै महिना. शाळेत शिकवणारी एक बाई बाळंतपणासाठी तिथल्या शासकीय रुग्णालयात दाखल झाली. पती सरकारी कृषी खात्यात अधिकारी. मुलगा झाला. तीन दिवसांनी, १३ जुलैला, तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया साधी समजली जाते, बाई थोड्याच दिवसांत घरी जाते. हिला मात्र ताप चढला आणि पोटात असह्य कळा सुरू झाल्या. १९ जुलैला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत टॉवेलसारखे शस्त्रक्रियेचे फडके निघाले. पहिल्या वेळी ते आतच राहून गेले होते आणि पोटात पू झाला होता. २४ जुलैला ती बाई गेली. बाळ दोन आठवड्यांचे.

पतीने व मुलांनी पावणेदोन लाखांचा दावा लावला. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार मंजूर केले. सरकार अपिलात गेले. उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. फडके नेमके कोणाच्या हलगर्जीपणाने राहिले व मृत्यू त्यानेच झाला हे शाबीत नाही, आणि सरकारी दवाखान्यातल्या अशा कृत्याला सरकार जबाबदारही नाही, असे तिथे ठरले. कुटुंब तिथे थांबले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ च्या फेब्रुवारीत निकाल लागला आणि छत्तीस हजारांचा हुकूमनामा पुन्हा कायम झाला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून आहे.

त्या निकालातली दोन सूत्रे पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. दवाखाना चालवणे हे कल्याणाचे काम आहे, सार्वभौम सत्तेचे नव्हे, म्हणून त्यातल्या नोकरांच्या हलगर्जीपणाला सरकार जबाबदार. दुसरे सूत्र गरिबाच्या अधिक कामाचे. पोटात फडके राहिले, ही गोष्टच बोलते. बेशुद्ध रुग्णाला डॉक्टर विसरला की नर्स विसरली हे कुठून कळणार? माणूस नावानिशी दाखवता आला नाही तरी तिथल्या कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा झाला एवढे दिसले की पुरे.

छत्तीस हजार! तेहतीस वर्षांनी! यात आनंद मानायचा की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही. १९६३ साली त्या रकमेत काय आले असते आणि १९९६ साली काय आले, याचा हिशेब या सभेतल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. तरीही तो दावा टिकला तो एका कागदामुळे. दुसऱ्या शस्त्रक्रियेत काय निघाले, याची नोंद होती. आमच्या चाचांच्या मुलाच्या केस पेपरवर 'घसरून पडला' लिहिले होते. फरक तेवढाच होता.

आता रक्कम कशी ठरते ते पाहू. दहावीच्या विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे. समजा तीस वर्षांचा एक गवंडी रस्त्याच्या अपघातात गेला. महिन्याची कमाई बारा हजार. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली या हिशेबाची रीत घालून दिली आहे. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळीस टक्के मिळवायचे, म्हणजे सोळा हजार आठशे. वर्षाचे झाले दोन लाख एक हजार सहाशे. अवलंबून माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले एक लाख एक्कावन्न हजार दोनशे. तीस वर्षे वयाला गुणक सतरा. गुणाकार येतो पंचवीस लाख सत्तर हजार चारशे. यात अंत्यविधीचा खर्च वगैरे आणखी मिळतो, आणि अर्ज केल्यापासूनचे व्याजही न्यायाधिकरण देऊ शकते. जखमी माणसाच्या बाबतीत औषधोपचार, बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व आणि सोसलेल्या वेदना धरतात. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे तो पाच हजारांच्या कागदावर अंगठा लावणार नाही.

घरी राबणाऱ्या बाईचे काय, असे भगिनी विचारतील. ती कमावत नव्हती म्हणून तिची भरपाई शून्य, असे आता म्हणता येत नाही. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार रुपये धरली. पुढच्या निकालांनी ते तत्त्व आणखी पक्के केले.

वाहनाचा अपघात असेल तर दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न पडता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. सरकारी जीप असो की एसटी, रीत तीच. अपघात इंदूरकडे झाला आणि तुम्ही बुलडाण्याचे, तरी अर्ज इथे करता येतो. सरकारकडून बचाव येतो की ड्रायव्हर कामावर नव्हता, गाडी दुसराच चालवत होता. आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात ड्रायव्हर दारू प्यालेला म्हणून खात्याचा कारकून जीप चालवत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तरीही राज्य सरकारलाच जबाबदार धरले. मुदतीबद्दल मात्र सावध राहा. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्या अटीवर न्यायालयांत वाद झालेला आहे, परंतु आपण त्या वादाच्या भरवशावर राहू नये.

शेगाव, नांदुरा, मलकापूर ही आपली रेल्वेची स्टेशने. गाडीतून पडून माणूस गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत अर्ज करावा. मृत्यूची रक्कम २०१७ पासून आठ लाख आहे. तिकीट सापडले नाही म्हणून दावा आपोआप बुडत नाही, हे २०१८ साली ठरले आहे. वावरात तुटलेल्या तारेने माणूस गेला तर वीज कंपनीची चूक शाबीत करण्याचेही ओझे आपल्यावर नाही. असे धोक्याचे काम करणाऱ्याने परिणामही सोसले पाहिजेत, असे २००२ साली मध्य प्रदेशच्या प्रकरणात ठरले. तिथे विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागून घ्यावा. रस्त्यातल्या खड्ड्याने मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात दिला आहे.

सरकारी दवाखान्याबाबत एक गैरसमज फार दिसतो. लोक ग्राहक मंचाकडे धावतात. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तो दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही, असे १९९५ साली ठरलेले आहे. तिथे दिवाणी दावाच लावावा लागतो. दवाखान्याने दाखलच करून घेतले नाही, तर तीही चूकच आहे. बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवले, त्याला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पंचवीस हजार देवविले. आणि पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात अन्याय झाला तर सार्वभौम कामाची ढाल आता पूर्वीसारखी चालत नाही. बिहारात निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात डांबलेल्या माणसाला १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने थेट रक्कम देवविली. अशा प्रकरणी आपल्याला नागपूर खंडपीठात रिट अर्ज करता येतो.

दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावे लागते. ते दोन महिने मुदतीत धरले जात नाहीत. ही नोटीस न दिल्यामुळे चांगले चांगले दावे पडलेले मी पाहिले आहेत. मुदत कुठे एक वर्ष, कुठे दोन, कुठे तीन, यावर वकिलांतही वाद होतात. तुम्ही एक वर्षच धरून चला. नगरपरिषद आणि जिल्हा परिषद यांच्या कायद्यांत याहूनही आखूड मुदती आहेत, आणि गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते हे विसरू नका.

कागद पहिल्याच आठवड्यात गोळा करावेत. डॉक्टरांना खरे तेच सांगावे आणि केस पेपरवर काय लिहिले ते विचारावे. पोलिसांत नोंद करून प्रत घ्यावी, ती फुकट मिळते. पंचनामा, जखमेचा दाखला, मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल, औषधांच्या पावत्या जपाव्यात. शवविच्छेदनाला घरचे लोक तयार होत नाहीत. त्यामागची भावना मी समजतो, पण त्या अहवालावाचून मृत्यूचे कारण शाबीत करणे फार कठीण जाते. दवाखान्याचे कागद लेखी मागितले की बहात्तर तासांत द्यावेत असा नियम आहे, आणि सरकारी कार्यालयातले कागद २००५ च्या माहिती अधिकाराने मागता येतात. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला म्हणून भरपाई गेली असेही समजू नका. दोन्हीकडचा पुराव्याचा काटा वेगळा आहे.

पैशांअभावी दावा राहिला, असेही होऊ नये. स्त्रिया, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. बुलडाण्याला जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती आहे, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. चाचांच्या मुलाला त्या वेळी हा नंबर कोणी दिला असता तर बरे झाले असते.

मघाशी चहाच्या वेळी नववीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, ती कलम ८० ची नोटीस इंग्रजीतच लागते का?" नाही, बेटी, मराठीत चालते. त्यात आपले नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण लिहायचे, काय घडले आणि केव्हा घडले ते लिहायचे, आणि किती रक्कम मागतो ते लिहायचे. राज्य सरकारवर दावा असेल तर ती जिल्हाधिकारी कार्यालयात देता येते. वकिलाला एकदा दाखवून घ्यावी, पण लिहायला तू पुरेशी आहेस. दोन प्रती कर. एक आवक विभागात दे, आणि दुसरीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस.